फटाक्याची इजा, अधू नजर आणि अंधारात दिसणे: पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या आयुष्यातून काय शिकावे?

रात्री नीट दिसत नाही, ही तक्रार घेऊन साक्री आणि आसपासच्या गावांतून अनेक रुग्ण येतात. शेतीची वीज रात्री येते, त्यामुळे पाणी भरायला अंधारात बांधावरून जावे लागते. सुरत-नागपूर महामार्गावर, विशेषतः कोंडाईबारी घाटाच्या बाजूला, समोरून ट्रक आला की काही क्षण सगळे पांढरे होते. घरातली आजी संध्याकाळनंतर भिंतीला हात लावून चालू लागते. यातल्या प्रत्येकाला आम्ही डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो: लहानपणी डोळ्याला काही लागले होते का?

बरेच जण आधी नाही म्हणतात. मग आठवते. दिवाळीत फटाका उडाला होता, विटी लागली होती, कापसाची पऱ्हाटी डोळ्यात गेली होती. तेव्हा दोन दिवस डोळा लाल होता, मग बरा झाला, म्हणून कोणी दाखवले नाही. त्या जुन्या इजेचा परिणाम कधीकधी वीस वर्षांनी अंधारात जाणवतो.

फटाक्याच्या अशाच एका अपघाताने महाराष्ट्रातल्या एका शाळकरी मुलाची नजर अधू केली. त्या मुलाचे नाव तुम्ही ऐकलेले आहे. गाणे शिकणारा मुलगा किंवा मुलगी तुमच्या घरात असेल, तर त्यांच्या परीक्षेच्या प्रमाणपत्रावर ज्या गांधर्व महाविद्यालयाचे नाव असते, त्याचे संस्थापक पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर म्हणजे तोच मुलगा. त्यांचे आयुष्य डॉक्टरच्या नजरेतून पाहिले, तर डोळ्याच्या इजेबद्दल आणि इजेनंतरच्या जगण्याबद्दल बरेच काही कळते.

कुरुंदवाडचा अपघात

विष्णु दिगंबरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तेव्हा ते पटवर्धनांचे छोटे संस्थान होते. वडील दिगंबर गोपाळ पलुस्कर कीर्तनकार होते. त्यामुळे टाळ, मृदंग, अभंग आणि आख्याने मुलाच्या कानावर रोज पडत होती.

कुरुंदवाडजवळच कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी हे दत्तक्षेत्र आहे. त्या भागात दत्तजयंतीचा उत्सव मोठा असतो. अशाच एका दत्तजयंतीला फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि विष्णूच्या दोन्ही डोळ्यांना इजा झाली. गावात तातडीच्या उपचारांची सोय नव्हती. नजर गेली. पुढे उपचारांनी ती काही प्रमाणात परत आली, पण पूर्वीसारखी झाली नाही. शाळेचे शिक्षण तिथेच थांबले.

तो काळ लक्षात घ्या. जंतुसंसर्ग रोखणारी प्रतिजैविके नव्हती. डोळ्याच्या आत पाहण्याची साधने मोजक्या मोठ्या शहरांत होती. ज्या मिरजेत पुढे डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी नावारूपाला आले, ते सुरू झाले 1894 साली. विष्णूचा अपघात त्याच्या बराच आधीचा. आज साक्रीहून धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काही तासांच्या आत गाठता येते. त्या मुलाला जे मिळाले नाही, ते तुमच्या मुलाला मिळू शकते. अट एकच, वेळ घालवायचा नाही.

फटाक्याने डोळ्यात नेमके काय होते?

इतक्या जुन्या काळातल्या रुग्णाचे आज निदान करणे योग्य नाही. पण अशा अपघातात डोळ्याचे कोणते भाग जखमी होतात, हे आजच्या रुग्णांवरून सांगता येते.

- बुबुळावरचा पारदर्शक पडदा: ठिणगी, दारूचे कण आणि धग यांनी तो भाजतो. जखम भरली तरी पांढरा डाग राहू शकतो, त्यालाच आपण फूल पडणे म्हणतो.
- बुबुळामागची पोकळी: जोराच्या दणक्याने तिथे रक्त साठते. बाहेरून डोळा फक्त लाल वाटतो.
- भिंग: मार लागलेल्या भिंगात मोतीबिंदू होतो. तो लहान मुलालाही होतो, कधी लगेच, कधी काही वर्षांनी.
- दृष्टिपटल: डोळ्याच्या मागच्या बाजूचा हा पडदा फाटू किंवा सुटू शकतो. यात दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही.
- डोळ्याचा दाब: डोळ्यातले पाणी वाहून जाण्याची वाट मारामुळे बिघडते आणि अनेक वर्षांनी काचबिंदू होतो.

शेवटचे दोन मुद्दे पुन्हा वाचा. डोळा पांढराशुभ्र दिसतो, दुखत नाही आणि तरीही आत नुकसान चालू असते.

हे आधी अंधारातच का जाणवते?

आपल्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. भर उजेडात रंग आणि बारीक तपशील दाखवणाऱ्या पेशी साधारण 60 लाख. मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशी त्याच्या कितीतरी पट, सुमारे 12 कोटी. या दुसऱ्या पेशींना एक रंगद्रव्य लागते आणि ते तयार होण्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. उजेडातून अंधारात गेल्यावर हे रंगद्रव्य पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणून निरोगी माणसालाही अंधाराला पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात.

आता बुबुळावर डाग असेल किंवा भिंग गढूळ असेल, तर आत प्रकाशच कमी पोहोचतो. दिवसा उजेड भरपूर असल्याने ही तूट भरून निघते, रात्री निघत नाही. शिवाय डागावरून प्रकाश विखुरतो, त्यामुळे समोरच्या गाडीचा दिवा ताऱ्यासारखा पसरतो. काचबिंदूमध्ये किंवा दृष्टिपटल खराब झाल्यास कडेची नजर आधी जाते. अंधारात ठेचकाळणे, दाराच्या चौकटीला खांदा आपटणे, ताटाशेजारचा पेला लाथाडणे ही त्याची घरगुती चिन्हे आहेत. घरच्यांना तो वेंधळेपणा वाटतो.

मिरजेच्या डॉक्टरांनी पाहिलेली दुसरी गोष्ट

विष्णूला उपचारांसाठी मिरजेला नेण्यात आले. तिथे डॉ. भडभडे यांनी त्याच्यावर उपचार केले. त्या काळातल्या साधनांनी जेवढे शक्य होते तेवढे झाले. पण या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला डॉक्टर म्हणून फार मोलाची वाटते. हा मुलगा आता पुढे काय करणार, याचा विचार त्यांनी केला. मुलाचा गळा चांगला होता, कान तयार होता. मिरजेतच गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहत होते. मुलाला त्यांच्याकडे गाणे शिकायला ठेवावे, असे त्यांनी सुचवले.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात आणणारे मोठे गवई. त्यांच्यापर्यंत विष्णू पोहोचला तो डोळ्याच्या उपचारांच्या निमित्ताने.

कीर्तनकाराच्या घराला गाणे परके नव्हते, पण गवयाचा पेशा त्या काळी प्रतिष्ठेचा मानला जात नसे. शिकलेल्या घरांतली मुले या वाटेला जात नसत. तरी घरच्यांनी मुलाला पाठवले. मुलाचे डोळे गेले, आता तो घरी बसेल, असा निर्णय त्यांनी केला नाही. मिरजेच्या संस्थानिकांनीही या विद्यार्थ्याला आश्रय दिला.

तेव्हाचे गाणे गुरूसमोर बसून, ऐकून, म्हणून शिकायचे असे. पुस्तक नाही, फळा नाही. मिरजेत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. तेलाच्या दिव्याजवळ अक्षर लावणे अधू डोळ्यांना अवघड, पण तंबोऱ्यावर सूर लावायला दिवा लागत नाही. ज्या कामात नजरेची उणीव कमीत कमी आड येते असे काम या मुलाला मिळाले आणि त्याने त्यात वर्षानुवर्षे कष्ट केले. 1896 साली तो मिरजेतून बाहेर पडला तेव्हा तो तयार गवई होता.

अधू नजरेचा माणूस आणि लांबचा प्रवास

मिरज सोडल्यावर विष्णु दिगंबरांनी देश पालथा घातला. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा अशी वाट करत ते उत्तरेकडे गेले. मथुरेत त्यांनी ब्रज भाषा शिकून घेतली, कारण बंदिशींचे शब्द त्या भाषेतले होते. त्या काळी गाणे दरबारात आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अडकलेले होते. त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि सामान्य माणसाला समोर बसवले.

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केले. कोणा राजाच्या पैशावर नव्हे, तर देणग्या आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीतशाळा होती. अभ्यासक्रम ठरलेला, वर्ग ठरलेले, परीक्षा ठरलेल्या. शाळेत राहून वर्षानुवर्षे शिकणारे आणि पुढे स्वतः शिक्षक होणारे विद्यार्थी त्यांनी घडवले. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि संगीताची क्रमिक पुस्तके छापली. नजरेमुळे ज्याची शाळा सुटली, त्याने इतरांसाठी शाळा काढली आणि पाठ्यपुस्तके लिहिली.

इथे थोडे थांबून विचार करा. अधू नजरेच्या माणसाला हे एकट्याने जमत नाही. सोबत माणसे लागतात, रोजची शिस्त लागते, वस्तू ठरलेल्या जागी लागतात. संस्थेत शिष्यांचा मोठा परिवार सतत आजूबाजूला असे. डॉक्टर म्हणून मी रुग्णाच्या घरच्यांना हेच सांगतो: नजर कमी असलेल्या माणसाला दयेपेक्षा नीट लावलेले घर आणि वेळेवर मिळणारी सोबत जास्त उपयोगी पडते.

मुंबई, नाशिक आणि अखेर

1908 साली त्यांनी मुंबईत महाविद्यालय सुरू केले. काम वाढले, इमारत झाली, त्याबरोबर कर्जही वाढले. ते फिटले नाही आणि अखेर मुंबईची मालमत्ता लिलावात गेली. स्वतःच्या हाताने उभारलेली संस्था अशी जाताना पाहणे सोपे नव्हते. पुढे ते नाशिकला स्थिरावले. तिथे रामनामाचा आश्रम काढून ते तुलसीरामायण आणि भजन यांत रमले. रघुपती राघव राजाराम या रामधुनीची आज सर्वांना ठाऊक असलेली चाल त्यांचीच मानली जाते. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात असत.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. जिथे डोळ्यांच्या उपचारांसाठी ते लहानपणी आले होते, त्याच गावी. वय 59. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. तोही पुढे द. वि. पलुस्कर या नावाने मोठा गायक झाला. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि बा. र. देवधर ही त्यांच्या शिष्यांतली काही नावे. शिष्यांनी त्यांच्या पश्चात गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. त्याच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात.

तुमच्या घरात डोळ्याला इजा झाली तर

दिवाळी, लग्नाची वरात, गावची यात्रा, कानबाईची मिरवणूक या दिवसांत हे लक्षात ठेवा. फटाका उडवणाराच जखमी होतो असे नाही, शेजारी उभा राहून पाहणाऱ्यालाही इजा होते.

हे करा:
- मुलाला बसवा, डोळा चोळू देऊ नका.
- नुसती राख, धूळ, दारूची भुकटी किंवा चुना डोळ्यात गेला असेल, तर लगेच स्वच्छ पाण्याने धुवा. चुना किंवा दुसरे रसायन असेल, तर किमान 15 ते 30 मिनिटे धुत राहा आणि मग दवाखान्यात या.
- डोळा कापलेला दिसत असेल, रक्त येत असेल किंवा काही रुतले असेल, तर धुऊ नका आणि रुतलेले काढू नका. कागदी पेल्याचा तळ किंवा तसे काही कडक झाकण डोळ्यावर ठेवून चिकटपट्टी लावा. दाब येऊ देऊ नका.
- शस्त्रक्रियेची गरज पडू शकते, म्हणून मोठ्या जखमेत वाटेत खाऊ-पिऊ घालू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा.
- धनुर्वाताचे इंजेक्शन कधी झाले ते डॉक्टरांना सांगा.

हे करू नका:
- दूध, तूप, मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस किंवा झाडपाला डोळ्यात घालू नका.
- मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. स्टिरॉइडचे थेंब चुकीच्या जखमेत घातले, तर डोळा जाऊ शकतो.
- दुखण्यासाठी ॲस्पिरिन देऊ नका, आतला रक्तस्राव वाढू शकतो.
- लाली कमी झाली म्हणून तपासणी टाळू नका. नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिला पाहिजे.

एकदा जोराचा मार लागलेल्या डोळ्याचा दाब नंतर दरवर्षी तपासून घ्या, तक्रार नसली तरी.

इजा नसताना रात्री कमी दिसते, ते कशामुळे?

- चष्म्याचा नंबर: दूरचे धूसर दिसणाऱ्यांना रात्री त्रास जास्त होतो. नवा चष्मा लावला की फरक पडतो.
- मोतीबिंदू: साठीनंतर हे सर्वांत जास्त आढळणारे कारण. शस्त्रक्रियेने बरे होते.
- अ जीवनसत्त्वाची कमतरता: लहान मुले, गर्भवती आणि जुनाट जुलाब किंवा यकृताचा आजार असलेल्यांत दिसते. मूल संध्याकाळी खेळायचे सोडून एका जागी बसू लागले किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसले, तर त्याच दिवशी दाखवा. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे 9 डोस अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, लाल भोपळा, पपई, आंबा, दूध आणि अंडी आहारात ठेवा. पालेभाजीला थोडे तेल हवे, त्याशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही.
- मधुमेह आणि काचबिंदू: दोन्ही गुपचूप वाढतात. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा मागचा पडदा तपासलाच पाहिजे.
- आनुवंशिक रातांधळेपणा: लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, कडेची नजर हळूहळू आक्रसते. जवळच्या नात्यातल्या लग्नांत याचा धोका जास्त असतो. गोळ्यांनी हा बरा होत नाही. खात्रीचा इलाज सांगणाऱ्यांवर पैसे घालवू नका, पण तपासणी मात्र करा, कारण सोबत होणारा मोतीबिंदू काढता येतो. अ जीवनसत्त्वाचे जास्त डोस स्वतःहून घेऊ नका. गर्भवतीला आणि यकृताला त्याने अपाय होतो.

कारण कळेपर्यंत रात्री दुचाकी चालवू नका. शेतात जाताना डोक्याला लावायची बॅटरी वापरा, म्हणजे हात मोकळे राहतात. घरात पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढा, न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा, ओट्यावर आणि अंगणात वस्तूंची जागा बदलू नका.

नजर पूर्ण परत येणार नसेल तर

हे ऐकणे कुठल्याही आईवडिलांना जड जाते. पण त्या दिवशी उपचार संपतात, मुलाचे आयुष्य संपत नाही. बुबुळावरच्या डागासाठी नेत्ररोपण होऊ शकते का, हे तज्ज्ञांना विचारा. उरलेली नजर वापरायला शिकवणारी भिंगे आणि साधने मिळतात. मोबाइलवरचे अक्षर मोठे करता येते, मजकूर वाचून घेता येतो. जिल्हा पातळीवरच्या शासकीय रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा, म्हणजे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो.

आणि मुलाच्या बाबतीत तो प्रश्न विचारा, जो मिरजेच्या त्या डॉक्टरांना सुचला: याला आणखी काय चांगले येते? उत्तर गाणेच असेल असे नाही. कोणाचे गणित चांगले असते, कोणाला माणसांशी बोलणे जमते, कोणाच्या हातात कारागिरी असते. शाळा सोडवून मुलाला घरी ठेवण्याआधी शिक्षकांशी आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला.

विष्णु दिगंबरांच्या वेळी उपचार तोकडे होते, पण त्यांच्याभोवतीच्या माणसांनी पुढचा विचार सोडला नाही. आज उपचार खूप पुढे गेले आहेत. ते वेळेत घ्या आणि पुढचा विचारही करा. घरात कोणी रात्री चाचपडत चालत असेल, तर ते वयाचे आहे म्हणून सोडून न देता या आठवड्यातच त्यांचे डोळे तपासून घ्या.